स्विफ्टच्या पुढून खट-खट, रॅक बदलू की टाय रॉड एन्डवर भागेल?

सातारी_स्विफ्ट
नमस्कार मंडळी, २०१३ ची स्विफ्ट डिझेल आहे, सव्वा लाख किमी झालेत. खराब रस्त्यावर हळू जाताना पुढून डावीकडून खट-खट येतं आणि हायवेला ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं, म्हणजे हात जरा हलवला तर गाडी ऐकतच नाही आणि मग एकदम ओढते. डाव्या टायरची आतली कड पण जास्त झिजलीये. इथल्या एका गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली, गाडी वर पण घेतली नाही आणि "रॅक गेली, पूर्ण असेंब्ली टाका" म्हणून मोकळा. खर्च ऐकून घरी आलो. सॉकेट सेट आहे, जॅक आहे, ब्रेक पॅड मी स्वतःच बदलतो, तर नक्की काय गेलंय हे घरी बघता येईल का?

पाना_सतरा
चक्कर मारून रॅक (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा दांडा असलेली पेटी) गेलेली कळते म्हणजे त्याने पत्रिका बघायला बसायला हवं 😀
आधी गाडी जमिनीवरच असू दे. घरातलं कोणीतरी स्टिअरिंगवर बसव, चावी फिरवून लॉक काढ, इंजिन बंद, आणि त्याला स्टिअरिंग दोन-तीन इंच डावी-उजवी हलवत राहायला सांग. तू वाकून टाय रॉड एन्ड (रॅकपासून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं बाहेरचं टोक) जिथे नकलला (चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागाला) जोडलाय त्या सांध्यावर बोट ठेव. रॉड आधी हलला आणि नकल मागाहून आलं तर एन्ड गेला, ही टिचकी कानाला ऐकू येत नाही पण बोटाला बरोबर लागते.
मग चाक वर घे (स्टँड लावूनच!!). घड्याळातल्या नऊ-तीनच्या जागी धरून हलवलं आणि खेळ लागला तर टाय रॉड एन्ड किंवा आतला रॅक एन्ड. बारा-सहाला लागला तर बॉल जॉइन्ट किंवा व्हील बेअरिंग, आणि या दोघांत ठरवायचं असेल तर कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांग, खेळ गायब झाला की बेअरिंग समजायचं, तसाच राहिला तर बॉल जॉइन्ट. आतला रॅक एन्ड दिसत नाही, तो रबरी बेलोच्या आत असतो, बेलो वरून चिमटीत दाबून धर आणि दुसऱ्याला चाक हलवायला लाव, आत गोटी हललेली हाताला कळते.

गॅरेजमधला_दादा
वरचं सगळं बरोबर, पण आवाज आणि मोकळेपणा हे एकाच पार्टमुळे आहे असं धरून चालू नका. माझ्याकडे अशा येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग सरळ असताना बारीक खड्ड्यात होणारी खट-खट ही लिंक रॉडची निघते, स्टॅबिलायझर बार (डावी-उजवी बाजू जोडणारा, गाडी कलू न देणारा दांडा) आणि स्ट्रट (पुढचा शॉकअप) यांच्यामधला तो छोटा दांडा. स्वस्त पार्ट आहे आणि त्याच्या नावावर कितीतरी चांगल्या रॅक भंगारात गेल्यात.
तपासताना एक गोष्ट लक्षात ठेवा, एकच चाक वर घेतलं तर बारला पीळ बसतो आणि लिंक ताणलेली राहते, मग झिजलेली असली तरी घट्ट वाटते. दोन्ही चाकं जमिनीवर किंवा दोन्ही हवेत, तेव्हाच हाताने धरून हलवा.
लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचे) रबरी बुश पण टॉमीने (पहारीसारख्या दांड्याने) उचकून बघा. बऱ्याच गाड्यांत बॉल जॉइन्ट आर्मसकटच येतो, सुटा मागत बसू नका. आणि रॅकवर एक अ‍ॅडजस्टिंग नट असतो, यूट्यूब बघून तो आवळायला जाऊ नका, जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग परत सरळ यायचं बंद होतं. बेलो फाटून आत पाणी-माती गेली असेल तर मात्र रॅकवर संशय घ्यायला जागा आहे.

सातारी_स्विफ्ट
आज बसलो होतो. डाव्या टाय रॉड एन्डचा बूट चिरलाय, ग्रीस वाळून काळं झालंय आणि नऊ-तीनला स्पष्ट खेळ आहे. बेलो दोन्ही शाबूत, आत काही हलत नाही. लिंक रॉड पण डावीकडची हाताने कटकट वाजते. म्हणजे रॅक वाचली बहुतेक 🙏 आता हे घरी कसं काढू? आणि पार्ट कुठला घेऊ?

पाना_सतरा
पार्ट मारुतीचा जेन्युइन घे नाहीतर राणे कंपनीचा, खोक्याशिवाय सुटा मिळणारा घेऊ नकोस. एन्ड आणि लिंक दोन्ही बाजूंचे बदललेस तर बरं, उजवी पण तेवढीच पळलीये.
काढायचं असं. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल कर, हँडब्रेक लाव, मागच्या चाकांना दगड लाव, जॅकवर उचलून स्टँडवर ठेव, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. आदल्या रात्रीच चेक नटवर (एन्ड दांड्यावर लॉक करणाऱ्या नटवर) आणि आट्यांवर डब्ल्यूडी फॉर्टी मारून ठेव, आपल्याकडच्या पावसाळ्यांनी तो नट पार गंजून बसलेला असतो. ब्रशने आटे साफ कर, चेक नट अर्धा आटा मागे घे आणि एन्ड कुठवर आलाय तिथे रंगाची खूण कर. मग स्प्लिट पिन काढ, कॅसल नट (ज्याच्या खाचांतून स्प्लिट पिन जाते तो) सैल कर पण पूर्ण काढू नको, दोन-चार आटे राहू दे, म्हणजे सुटला की रॉड उसळून अंगावर येत नाही.
आता एन्ड टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) गच्च बसलेला असतो. पुलर मिळाला तर उत्तम, नसेल तर नकलच्या ज्या कानात तो बसतो त्या कानाच्या बाजूवर हातोड्याचे दोन-तीन सणसणीत घाव, आटे असलेल्या टोकावर मारायचं नाही. सुटला की एन्ड फिरवून काढ आणि आटे मोजत जा, नवा तेवढेच आटे आत. नट आवळताना एन्डची आटे असलेली पिनच फिरायला लागली तर खालून जॅकने सांधा हलकेच वर दाबून धर, टेपर बसतो आणि फिरायची थांबते.

गॅरेजमधला_दादा
दोन गोष्टी राहिल्या. टॉर्क मॅन्युअलमधला बघून लावा, आणि त्यानंतर स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळून जुळवा, मागे सोडून नाही. पिन नवीनच, जुनी सरळ करून परत घालायची नाही. आटे कितीही मोजा, अलाइनमेंटला जावंच लागेल कारण एका आट्याला रॉड साधारण दीड मिमी सरकतो आणि रिमच्या कडेला तो फरक तीन-चार मिमी होतो. तिथपर्यंत हळू जा. जुन्या टायरची आतली कड आता भरून येणार नाही, पण नवीन टायर टाकायचे असतील तर अलाइनमेंटच्या आधी टाका.

सातारी_स्विफ्ट
झालं काम! उजवी बाजू तासाभरात, डाव्या चेक नटने मात्र जीव काढला. खट-खट बंद, तरंगणं पण गेलं. अलाइनमेंट करून आणली, पण आता सरळ रस्त्यावर स्टिअरिंग थोडं डावीकडे कललेलं राहतं, गाडी मात्र सरळ जाते. स्टिअरिंग काढून एक दाता फिरवून बसवू का?

गॅरेजमधला_दादा
अजिबात हात लावू नका, त्यात एअरबॅग असू शकते आणि मागे क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगची वायर असलेली गुंडाळी). पोराने टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) एकाच बाजूने सेट केलाय. परत जा, स्टिअरिंग सरळ करून क्लॅम्प लावायला सांगा आणि मग एका बाजूचा रॉड जेवढा लांब करेल तेवढाच दुसऱ्या बाजूचा आखूड करायला लावा. त्याच पैशात करून द्यायला हवं त्याने.