जिम लावल्यावर वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, असं होतं का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, प्लीज कुणीतरी नीट समजावून सांगा. वय 38, बैठं काम, थायरॉईडची 50 ची गोळी चालू आहे. दिवाळी झाली आणि एकदाचं जिम लावलं, आठवड्यातून चार दिवस वेट्स आणि उरलेल्या दिवशी जमेल तसं गोदापार्कला चालणं. सुरू केलं तेव्हा वजन 71.4 होतं आणि दोनअडीच आठवड्यांनी काट्यावर 73.1!! साखर बंद केलीये, भात एकवेळ, रात्री आठच्या आत जेवण, बाहेरचं काही नाही, तरी हे पावणेदोन किलो आलं कुठून? ट्रेनर म्हणतो मॅडम मसल वाढलं, सासूबाई म्हणतात तुझ्या शरीराला मानवत नाहीये बंद कर, नवरा म्हणतो काटा बिघडलाय (मी जिमच्या काट्यावरही बघितलं, तेवढंच). मांड्या इतक्या भरून आल्यात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. कपडे मात्र घट्ट झालेले नाहीत. रोज सकाळी काटा बघून रडू येतं खरं सांगते. चालू ठेवू की बंद करू?

फिजिओ_कोल्हापूर
ताई बंद अजिबात करू नका. आधी साधा हिशोब बघा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी. 1.7 किलो चरबी चढायची तर गरजेपेक्षा 13 हजार कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात, म्हणजे एवढ्या दिवसांत रोज दोनतीन वडापाव नेहमीच्या जेवणाच्या वर, तेही साखर बंद करून आणि व्यायाम करून. तसं झालेलं नाही हे तुम्हीच सांगताय, त्यामुळे ही चरबी नाही. आणि ट्रेनरचं म्हणणंही मला पटत नाही, दोनअडीच आठवड्यांत एवढे स्नायू कुणाचेच वाढत नाहीत, नव्याने सुरू केलेल्या बाईचे महिन्याला पाव ते अर्धा किलो वाढले तरी उत्तम म्हणायचं.

हे पाणी आहे. सवय नसलेल्या स्नायूंवर वजन पडलं की त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते, ती भरून काढायला शरीर तिथे द्रव पाठवतं, सूज येते, म्हणून 24 ते 72 तासांत दुखणं सगळ्यात जास्त असतं आणि तेवढ्यात तुम्ही पुढच्या दिवशीचा व्यायाम केलेला असतो म्हणजे नवीन भर. जिना उतरताना जास्त दुखतं कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, स्क्वॉटमध्ये खाली बसताना तेच होतं, इजा त्या प्रकारात जास्त होते.

दुसरं म्हणजे ग्लायकोजेन. आपण खाल्लेल्या भात-पोळीतली साखर स्नायूंमध्ये साठते ती या रूपात, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन सोबत साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. व्यायाम सुरू झाला की स्नायू आपला साठा वाढवतात, 150 ग्रॅम जरी वाढला तरी पाण्यासकट 600 ग्रॅम काट्यावर दिसणार. शिवाय नियमित दमसास लागणारा व्यायाम केला की रक्तातला द्रवभागही पहिल्या काही दिवसांतच वाढतो, ती तर चांगली गोष्ट आहे, हृदयाला काम सोपं जातं. सगळं मिळून किलो-दीड किलो सहज होतं, त्यात शरीर सरावलं की दुखणं आणि सूज हळूहळू कमी होते. बहुतेकांचा काटा महिना-दीड महिन्यात खाली यायला लागतो, अर्थात खाणं आवाक्यात असेल तर.

मीठभाकर
वरचं सगळं बरोबर आहे, माझी भर मिठाबद्दल. लोक साखर बंद करतात आणि जेवणाला चव यावी म्हणून लोणचं, पापड, ठेचा, शेंगदाण्याची चटणी वाढवतात, ताक पितात त्यातही मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणते म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, तेवढं तर आपल्या आमटी-भाजीतच संपतं. जास्त मीठ गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी काटा अर्धा-एक किलो वर. पाळीच्या आधीच्या आठवड्यातही बऱ्याच जणींचं असंच होतं, ते तारखेशी ताडून बघ गं. आणि जिममध्ये कुणी क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) दिलंय का? त्यानेही सुरुवातीला एकदोन किलो पाणी चढतं.

वजन बघायचं तर सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, तोच काटा आणि तो फरशीवर, सतरंजीवर नाही. रोजचा आकडा लिही पण तुलना आठवड्याच्या सरासरीची सरासरीशी कर. आणि रोज बघून त्रास होत असेल तर आठवड्यातून एकदा बघ, त्याने काही बिघडत नाही.

पहाटपळ
मी उलट्या बाजूने सांगतो. मुंबईच्या दमट हवेत लांब पळून आलो की वजन एक-दीड किलो कमी दिसतं, आमच्या ग्रुपमध्ये नवीन लोक फोटो काढून टाकतात बघा किती उतरलं म्हणून, तो सगळा घाम असतो, संध्याकाळपर्यंत परत. भात-पोळी एकदम बंद करणाऱ्यांचं पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो झरझर उतरतं तेही मुख्यतः ग्लायकोजेन आणि त्याच्यासोबतचं पाणीच. त्यामुळे दुसऱ्या कुणाचं उतरताना बघून वाईट वाटून घेऊ नका. टेप घ्या आणि कंबर मोजा, भारतीय बायकांसाठी 80 सेंटीमीटरच्या आत आणि पुरुषांसाठी 90 च्या आत असावी असं डॉक्टर सांगतात, ते माप पाण्याने फारसं फसवत नाही. दर पंधरा दिवसांनी एकदा, श्वास सोडून, त्याच जागी. आणि कपडे घट्ट झाले नाहीत हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, माझ्या मते तुमच्या पूर्ण पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

गोदाकाठ
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. पाळी पुढच्या आठवड्यात आहे, आणि लिंबाचं लोणचं तर दोन्ही वेळेला चालू आहे 😟 क्रिएटिन नाही घेत. सासूबाईंना 13 हजारचा हिशोब वाचून दाखवला, आता त्या म्हणतायत मग कर. ट्रेनरने कॅल्शियमची गोळी सुरू करायला सांगितलीये, सकाळी थायरॉईडच्या गोळीसोबतच घेते म्हणजे विसरायला नको, चालेल ना?

फिजिओ_कोल्हापूर
नाही ताई, हे आजपासून बदला. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉईडची गोळी अंगी लागू देत नाहीत, दोन्हींत कमीत कमी चार तासांचं अंतर हवं. थायरॉईडची उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी फक्त पाण्यासोबत, आणि कॅल्शियम दुपारी जेवणानंतर. मुळात कॅल्शियम लागतंय का हे ट्रेनरने नाही, तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. थायरॉईडचा डोस कमी पडला तरी वजन वाढतं आणि अंगावर सूज येते, म्हणून टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या.

अजून एक, हे इतरांनीही वाचा. घोट्यावर बोटाने दाबल्यावर खड्डा राहतोय, आडवं पडल्यावर दम लागतोय, चेहरा सुजतोय, किंवा वजन दोनतीन दिवसांत दोन किलोने वाढलं आणि सोबत यातलं काही आहे, तर त्याला व्यायामाचं पाणी समजू नका, हृदय-किडनी तपासायला लागते. आणि जबर व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल, तिथे वाट बघायची नाही.

गोदाकाठ
बापरे, बरं झालं विचारलं. सूज, दम वगैरे काही नाही. टीएसएच मार्चमध्ये केलं होतं, शनिवारी सकाळी देऊन येते. त्या दिवशी गोळी घेऊन जाऊ का?

फिजिओ_कोल्हापूर
रक्त देऊन झालं की घ्या, सोबत घेऊन जा. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना कॅल्शियम सोबत घेत होतात हेही सांगा.