फायर बॉल बांधला म्हणजे फायर सिस्टीम झाली का?

डेट्रॉइटकर: आपल्या रेसिंगच्या ग्रुपवरची फायर सिस्टीमबद्दलची, म्हणजे गाडीत बसवायच्या आग विझवण्याच्या यंत्रणेबद्दलची, कालची पोस्ट वाचून डोकं उठलं. म्हणे, "बॉनेटखाली ऑनलाइन मागवलेला फायर बॉल बांधला. आग विझते ना, मग नियमात बसतं. तरी टेकवाल्यांनी (रेसआधी गाडी तपासणाऱ्यांनी) गाडी परत पाठवली, ही दादागिरी आहे." अहो, दादागिरी कसली? तो बॉल ज्वाळा लागली की फुटतो आणि पावडर उडवतो. आग पायाशी लागली तर? बेल्ट आवळून बसलेल्या ड्रायव्हरला तो सोडता येतो? बाहेरून ट्रॅकवरच्या मार्शलला? एफआयएच्या, म्हणजे जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या, नियमांच्या परिशिष्ट जे मध्ये स्वच्छ लिहिलंय: फवाऱ्याचा मारा कॉकपिट आणि इंजिन दोन्हीकडे हवा, गाडी उलटी पडली तरी सिस्टीम चालली पाहिजे, बाहेरच्या हँडलपाशी पांढऱ्या वर्तुळात लाल 'ई' हवा. आपल्याकडचे क्लब बाटलीवर एसएफआय (अमेरिकेतली सुरक्षा-मानकं ठरवणारी संस्था) 17.1 नाहीतर एफआयए 8865-2015 या मानकाचा शिक्का बघतात, तो उगाच नाही.

मियाटावाला: शिक्क्याचं कौतुक पुरे. दाबाचा काटा हिरव्यात, सील शाबूत, तरी सर्व्हिसची दोन वर्षांची मुदत उलटली म्हणून माझ्या सिस्टीमची बाटली बाद! दाबाची बाटली म्हणून कुरिअरवाला हात लावत नाही. सर्व्हिसला स्वतः गाडी हाकत जायचं, त्या खर्चात टायर आले असते. ही सुरक्षा नाही, धंदा आहे.

कॉर्नर मार्शल: धंदा? माझ्या कॉर्नरवर एक गाडी पेटत येऊन थांबली. ड्रायव्हर हँडल ओढतोय, काही होत नाही. हँडल अडवणारी सेफ्टी पिन तशीच, तिची लाल पट्टी लोंबतेय. त्या बाटलीचाही काटा हिरव्यातच होता.

मियाटावाला: ताई, पिन काढायची राहिली हा माणसाचा दोष. सर्व्हिसने तो जाणार आहे का? विषय भलतीकडे नेऊ नका. 2020 ला बहारीनमध्ये फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर ग्रोजाँ सुमारे 28 सेकंद आगीत होता. सिस्टीम त्याच्याही गाडीत होती. वाचवलं हेलोनं (डोक्याभोवतीच्या संरक्षक कड्यानं) आणि आगरोधक कपड्यांनी.

कॉर्नर मार्शल: मग कपड्यांचंच बोलू. तुमचा सूट कुठला? एकेरी थराचा, एसएफआयच्या 3.2ए/1 दर्जाचा असेल तर कातडी भाजायला साधारण 3 सेकंद. 3.2ए/5 असेल तर 10. बेल्ट, खिडकीची जाळी, स्टिअरिंग काढून 3 सेकंदांत बाहेर येऊन दाखवा, मग सिस्टीमला नावं ठेवा.

डेट्रॉइटकर: आणि हँडलपर्यंत हात पोचतो का तेही बघा. परवा टेकला, म्हणजे गाडीच्या तपासणीला, एकाला बेल्ट लावून बसवलं, तर चार बोटं कमी पडली. बाटली नवीकोरी, शिक्क्यासकट. गाडी तिथेच थांबवली आणि बरोबर केलं.

मियाटावाला: बरं, फायर बॉल बाद. पिनचंही टेकवाल्यांनी रेस सुटण्याआधी ग्रिडवर बघावं, माझी हरकत नाही. पण तारखेवर मी भांडणारच. क्लबला लिहिलंय, सीझनच्या आधी सर्व्हिसवाल्याला एक दिवस ट्रॅकवर बोलवा. ज्यांना पटतं त्यांनी खाली सही करा.

कॉर्नर मार्शल: माझी सही घ्या.