बल्गेरियातले फ्रीमेसन : बंदी आणणारे स्वतःच मेसन होते?

वाचक_मीरा

दुसऱ्या महायुद्धात बल्गेरियातले ज्यू कसे वाचले त्यावर सध्या वाचतेय. सुमारे 48,000 लोक वाचले, पण त्याच सरकारने आपल्या ताब्यातल्या थ्रेस, मॅसेडोनिया आणि पिरोतमधून 11,343 जणांना जर्मनांच्या हवाली केलं, तेही त्याच गोष्टीत आहे आणि ते वाचताना फार त्रास होतो.

तर प्रश्न वेगळाच पडलाय. याच्या आधी तिथे 'राष्ट्रसंरक्षण कायदा' आला होता, डिसेंबर 1940 मध्ये संसदेत पास झाला आणि जानेवारी 1941 मध्ये लागू झाला. ज्यूंवरची कलमं त्यात दुसऱ्या भागात येतात, पहिला भाग आहे गुप्त आणि आंतरराष्ट्रीय संघटनांवर, म्हणजे रोख मुख्यतः फ्रीमेसन (थोडक्यात मेसन) लोकांवर, म्हणजे बंधुभावाचं तत्त्व सांगणाऱ्या आणि खाजगी विधी-खुणा असलेल्या संघटनेच्या सभासदांवर. आणि पुढे वाचलं तर कायदा आणणारे गृहमंत्री पेतर गाब्रोव्स्की आणि पंतप्रधान बोगदान फिलोव्ह दोघंही आधी मेसन होते! हे कसं काय? आणि मुळात बल्गेरियात ही मंडळी पोचली कधी? काही ठिकाणी तर ऑटोमन राजवटीविरुद्धचा बल्गेरियन क्रांतिकारक वासिल लेव्स्कीसुद्धा मेसन होता असं लिहिलेलं सापडलं, ते खरं का?

नदीकाठ

मीराताई, सुरुवात रुसेपासून करावी लागेल. डॅन्यूबवरचं बंदर, ऑटोमन काळात 1864 पासून डॅन्यूब प्रांताची राजधानी, 1866 ला वार्ना-रुसे रेल्वे सुरू झाली, व्हिएन्नाकडच्या आगबोटी यायच्या, परदेशी वकिलाती होत्या, त्यामुळे युरोपातलं जे काही नवीन असेल ते बल्गेरियन लोकांना सोफियाच्या आधी इथे दिसायचं. सोफिया तेव्हा त्यामानाने लहान गाव होतं. फ्रीमेसनरी पण त्याच वाटेने आली, व्यापारी, वकिलातीतली माणसं, परदेशी इंजिनियर, लष्करी अधिकारी यांच्याबरोबर. इस्तंबूलमध्ये तर 1872 मध्ये खुद्द शहजादा मुराद, म्हणजे नंतरचा सुलतान मुराद पाचवा, मेसन झाला, त्यामुळे त्या काळात ऑटोमन राज्यात हे काही चोरून करायचं काम नव्हतं.

बल्गेरियन माणसांमधलं पहिलं मोठं नाव इव्हान वेदार. खरं नाव दानाईल निकोलोव्ह, 1827 मध्ये राझग्रादला जन्म. त्याच्याबद्दल एक कथा बल्गेरियन मेसन फार आवडीने सांगतात. 1877-78 च्या रशिया-तुर्की युद्धात राझग्रादची कत्तल होणार अशी वेळ आली, तेव्हा हा पुढे गेला आणि तुर्की अधिकाऱ्याला मेसन लोकांची संकटात मदत मागायची खूण केली, तो अधिकारीही मेसन निघाला आणि गाव वाचलं. कथा मेसन परंपरेतूनच आलीय, त्यामुळे मी ती दंतकथेच्या जवळची धरतो. पण 1880 मध्ये रुसेला 'बाल्कन तारा' नावाचं लॉज, म्हणजे मेसन लोकांची स्थानिक शाखा, त्यानेच उभं केलं आणि ते पोर्तुगालच्या ग्रँड ओरिएंटच्या, म्हणजे तिथल्या मुख्य मेसन संस्थेच्या, छत्राखाली होतं, हा इतिहास आहे.

पोर्तुगाल वाचून दचकू नका. कुठल्याही नव्या लॉजला जुन्या एखाद्या ग्रँड लॉजची (अशाच मुख्य संस्थेची) सनद लागतेच. आणि बल्गेरियाला ज्या रशियाने सोडवलं तिथून ती मिळणं शक्यच नव्हतं, कारण झार अलेक्झांडर पहिला याने 1822 मध्येच रशियात मेसन लॉजवर बंदी घातली होती. म्हणजे मुक्तिदाता एकीकडे आणि सनद देणारे भलतीकडे, पश्चिमेला. हे परकेपण त्यांना पुढे फार महागात पडलं.

पेठेतला_वाचक

लेव्स्कीबद्दल सांगतो, पुरावा नाही. लेव्स्की, बोतेव्ह, राकोव्स्की, सगळ्यांची नावं या यादीत टाकायची हौस अनेकांना आहे. गोंधळ कशामुळे होतो तर क्रांतिकारी समित्यांमध्ये शपथ होती, टोपणनावं होती, सांकेतिक भाषा होती, शिक्का होता. पण ज्या माणसाला पकडलं की फाशी आहे तो गुप्तता पाळणारच, त्याला लॉजमध्ये जाऊन शिकायची गरज नाही. लेव्स्कीला फेब्रुवारी 1873 मध्ये सोफियाजवळ फाशी दिलं ते समित्यांचं जाळं विणल्याबद्दल. तो आधी मठात दीक्षा घेतलेला, गावोगाव पायी फिरून, शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या घरी राहून समित्या बांधणारा माणूस. वेदारच्या वर्तुळाची हवाच वेगळी होती, भाषा येणारे, शहरातले, बाहेरचं जग पाहिलेले लोक. दोन्ही गोष्टी एकात घालणं मला लेव्स्कीवर अन्याय वाटतो.

जुनी_पानं

आता मुख्य प्रश्न. रुसेचं लॉज फार टिकलं नाही. नवी सुरुवात झाली 1914 ला सोफियात, 'झोरा' लॉज, झोरा म्हणजे पहाट. सनद फ्रान्सच्या ग्रँड लॉजची. आणि पुढच्याच वर्षी बल्गेरिया जर्मनी-ऑस्ट्रियाच्या बाजूने युद्धात उतरला! म्हणजे आपली मातृसंस्था शत्रूच्या राजधानीत. असं किती दिवस चालणार, म्हणून 1917 मध्ये स्वतंत्र 'बल्गेरियाची ग्रँड लॉज' स्थापन झाली.

दोन युद्धांमधल्या काळात यात कोण होतं ते बघा, प्राध्यापक, वकील, डॉक्टर, बँकवाले, लष्करी अधिकारी, मंत्री. मॅसेडोनियन चळवळीतले जनरल प्रोतोगेरोव्ह मेसन होते, ज्यांचा 1928 मध्ये सोफियात चळवळीतल्याच दुसऱ्या गटाने खून केला. फिलोव्ह तर नावाजलेले पुरातत्त्वज्ञ. छोट्या देशात सुशिक्षित वर्ग छोटा, फिरून तीच माणसं विद्यापीठात, मंत्रिमंडळात आणि लॉजमध्ये. त्यामुळे जो कोणी पंतप्रधान झाला असता त्याच्या ओळखीत दहा मेसन असतेच आणि तो स्वतः असण्याचीही शक्यता बरीच होती.

मग 1940. सप्टेंबरमध्ये क्रायोव्हा कराराने दक्षिण दोब्रुजा रुमानियाकडून परत मिळाला, तो जर्मनीच्या जोरावर. थ्रेस आणि मॅसेडोनिया पण मिळतील अशी आशा होती. नाझींच्या डोक्यात ज्यू आणि मेसन एकाच कटातले. गाब्रोव्स्कींच्या मंत्रालयातल्या अलेक्झांडर बेलेव्हला न्यूरेंबर्ग कायद्यांचा (नाझींच्या ज्यूविरोधी कायद्यांचा) अभ्यास करायला जर्मनीला पाठवलं होतं, तिथूनच ही सगळी मांडणी आली. ग्रँड लॉजने तर कायदा पास व्हायच्या आधीच 1940 मध्ये स्वतःहून काम गुंडाळलं.

मला चीड येते ती याची की लेखक, वकील, डॉक्टर यांच्या संघटना आणि ऑर्थोडॉक्स चर्चचं धर्मपीठ या कायद्याविरुद्ध उघडपणे बोलले. ज्या संस्थेचं तत्त्वच माणसामाणसातला बंधुभाव, ती मात्र गपचूप विसर्जित झाली. तिच्यातून गेलेले दोघं ज्यूंवरच्या कलमांसकट कायद्याला पुढे नेत होते. 1 मार्च 1941 ला बल्गेरिया अक्ष राष्ट्रांत सामील झाला, करारावर सही फिलोव्हचीच.

पेठेतला_वाचक

'गपचूप' याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. मेसन लोकांवर आरोपच मुळी परकीयांचे हस्तक असल्याचा होता, त्यांनी रस्त्यावर येऊन विरोध केला असता तर तोच आरोप पक्का झाला असता. चर्चला ती भीती नव्हती, चर्च तर बल्गेरियन राष्ट्राचा कणा मानलं जात होतं. बाकी फिलोव्ह-गाब्रोव्स्कींबद्दल तुमचं बरोबर, त्यांना माफी नाही.

वाचक_मीरा

खूप छान समजावलंत सगळ्यांनी. मग सप्टेंबर 1944 मध्ये सरकार उलटलं, कायदाही गेला, तर लॉज परत का उघडली नाहीत?

जुनी_पानं

कारण नंतर सत्तेत आलेल्या कम्युनिस्टांनाही ती नको होती. कॉमिन्टर्नने, म्हणजे कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, 1922 मध्येच ठरवलं होतं की कम्युनिस्ट माणूस मेसन असू शकत नाही, तेव्हा डोळ्यासमोर फ्रेंच कम्युनिस्ट पक्ष होता. ज्या गिओर्गी दिमित्रॉव्हने 1935 ते 1943 कॉमिन्टर्न चालवली तोच 1946 मध्ये बल्गेरियाचा पंतप्रधान झाला, मग कसली लॉज उघडतायत. फिलोव्ह आणि गाब्रोव्स्की दोघांनाही 1 फेब्रुवारी 1945 ला गोळ्या घालून मारलं, खटला जनन्यायालयात चालला होता. लॉज परत सुरू झाली ती 1989 नंतर, 90 च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तेव्हाही सनद बाहेरूनच आणावी लागली, या खेपेला जर्मनीच्या संयुक्त ग्रँड लॉजकडून. पुढे त्यांच्यात फूट पडून वेगवेगळ्या ग्रँड लॉज झाल्या, ते प्रकरण मोठं आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.