खेळ कळतो म्हणूनच फसतो

‘खेळाडूला खेळ कळतो, म्हणून तो सट्ट्यात कमी हरतो,’ असं एकानं लिहिलंय. मी उलटं पाहिलंय. परभणीला आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघात एक चांगला चढाईपटू होता. सुरुवातीला सट्ट्याचे दोन-तीन डाव लागले, ते त्यानं स्वतःच्या अकलेच्या खात्यावर मांडले. हरला की मात्र पंच खराब! बुकीनं, म्हणजे सट्टा घेणाऱ्यानं, व्हॉट्सअ‍ॅपवर सट्टा लावायची आयडी दिलेली, तीही उधारीवर. हातातून नोटच जात नाही, मग हरल्याचं कळणार कसं? सोयाबीन विकून आलेल्या पट्टीतून बापानं दिलेली फी गेली, मग रूमवरच्या पोरांची उसनवारी, शेवटी मोबाईल. पहाटेच्या सरावाला येणं तर आधीच सुटलं होतं.

कर्जापेक्षा पुढचं वाईट. बुकी म्हणाला, पैसे राहू दे, फक्त उद्या कोण जखमी आहे ते सांग. फिक्सिंगची पहिली पायरी हीच. अमेरिकेत २०२३ मध्ये आयोवातल्या दोन विद्यापीठांचे खेळाडू सट्टा प्रकरणात अडकले. काहींवर गुन्हेही दाखल झाले.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, हे खरं. पण आपल्याकडं महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे, बुकी तेव्हाही होतेच की.

आणि अशा खेळाडूला ‘वाया गेलेलं पोरगं’ म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आहे. घरी बोलायची लाज वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.