हुकूमशाहीत देवाचं रूप बदलतं, याचे नाझी जर्मनीतले पुरावे कोणते?

अभ्यासमंडळ_पुणे: 'राजवट जशी, तसा देव' असं मोघम बोलून भागणार नाही. नाझी काळात येशूचं रूप नेमकं कुठे आणि कसं बदललं? लोकांसमोर ठेवता येईल असं काही सुचवा.

शिल्पवेध: बर्लिनच्या मारीनडॉर्फमधलं मार्टिन लूथर स्मृती चर्च घ्या. १९३५ मध्ये ते उपासनेला खुलं झालं. वेदीपुढच्या कमानीवर शेकडो टेराकोटा फरशा आहेत, त्यांत ख्रिस्ती चिन्हांच्या पंगतीला राजवटीची चिन्हं बसवली आहेत. नाझी स्वस्तिकं युद्धानंतर काढली गेली. प्रवचनाच्या मंचावरचं लाकडी कोरीवकाम जवळून दाखवा: येशूभोवती जमलेल्या श्रोत्यांत चक्क हेल्मेटधारी सैनिक आहे. वेदीवरचा येशूही क्रुसावर ताठ, पिळदार अंगाचा. शेजारी जुन्या जर्मन चित्रकार ग्रूनेवाल्डच्या इझेनहाइम वेदीचित्रातला येशू ठेवा. त्याची बोटं वेदनेने वाकडी झालीत, अंगभर जखमा आहेत. सोसणारा, हरलेला दिसणारा देव या मंडळींना नकोसा झाला होता, हे वेगळं सांगावं लागत नाही.

जुना_करार: चित्रांवर थांबू नका, खरी काटछाट मजकुरात झाली. ६ मे १९३९ रोजी आयझेनाखला एक संस्था सुरू झाली. काम काय, तर चर्चमधून ज्यू प्रभाव हटवणं. तिचे विद्याविषयक प्रमुख वाल्टर ग्रुंडमान येशू ज्या गालील प्रांतातला, त्या प्रांताचा आधार घेऊन तो ज्यू नव्हता असं मांडत. १९४० मध्ये संस्थेने नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागाची, छाटलेली आवृत्ती काढली, पुढच्या वर्षी तसंच स्तोत्रपुस्तक. मंडळात एक करून बघा: नव्या करारातल्या मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूची वंशावळ आहे, तिच्यातून दावीद आणि अब्राहाम हे ज्यू पूर्वज खोडा. वंशावळीला बूडच उरत नाही.

शिल्पवेध: हे तर चित्रापेक्षा भयंकर आहे. म्हणजे वरून हुकूम आला होता?

जुना_करार: इथेच बहुतेकांची गल्लत होते. पुढाकार चर्चमधल्याच 'जर्मन ख्रिस्ती' या नाझीधार्जिण्या गटाचा होता. १३ नोव्हेंबर १९३३ ला बर्लिनच्या श्पोर्टपालास्टमध्ये याच गटाच्या राइनहोल्ड क्राउझेने जुना करार, म्हणजे बायबलमधले ज्यूंचे धर्मग्रंथ, टाकून द्या म्हटलं, तेव्हा गटातलेच कित्येक पाळक बिथरून बाहेर पडले. या गटाला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती मंडळींचं मे १९३४ चं बार्मेन घोषणापत्रही सांगाच. त्याचा मसुदा मुख्यतः धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्ट यांचा. ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कुठल्याही सत्तेला वा घटनेला देवाचं प्रकटीकरण मानायला त्यात साफ नकार आहे. पण ज्यूंच्या छळाबद्दल त्यात अवाक्षर नाही. हे झाकून विरोधकांना निव्वळ नायक करू नका.