घाटात गाडी तापते आणि नंतर बंद पडते: दोष एक की दोन?

प्रश्न
माझ्याकडे 1995 सालची, कार्ब्युरेटरची पेट्रोल गाडी आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढू लागलो की तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकतो आणि वर पोहोचून वाहतुकीत थांबावे लागले की इंजिन आचके देऊन बंद पडते. मग स्टार्टर कितीही फिरवला तरी ते दाद देत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास थांबल्यावर मात्र सहज सुरू होते. शहरात काटा मध्यावरच असतो, पंखाही वेळेवर फिरतो. गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडचा मार्ग उघडणारी झडप) काढून टाकला, त्याने फरक पडला नाही. आता हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडावे लागेल असे सांगतात. त्याआधी काय तपासावे?

पहिला प्रतिसाद
हेड उघडण्याची घाई करू नये. काटा वाहतुकीत चढून वेग घेताच उतरत असता, तर पंखा, त्याचा स्विच किंवा रिले यांवर संशय घेतला असता. आपली गाडी शहरात ठीक राहून चढावर भार आल्यावरच तापते, याचा अर्थ पाणी पुरेसे फिरत नाही किंवा फिरूनही थंड होत नाही. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातलेल्या रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजतात. इंजिन पूर्ण तापवून बंद करावे, पंख्याची वायर काढावी आणि रेडिएटरच्या जाळीसमोर हात जपून फिरवावा. जेथे ती थंड लागते, तेथून पाणी वाहत नाही. रेडिएटरचे झाकण तर सरळ नवे घ्यावे. ते 0.9 बार दाब धरत असेल, तर साधे पाणीसुद्धा सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग सैल पडली की ही सवलत संपते. थर्मोस्टॅट मात्र परत बसवावा. काही इंजिनांत तो उघडताना बायपासचा मार्ग बंद करतो, आणि तो नसला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच परततो. आपल्याकडे तो सर्रास काढून फेकतात, हे दुर्दैव.

दुसरा प्रतिसाद
बंद पडण्याची परीक्षा गाडी बंद पडलेली असतानाच करावी लागते. थंड झाल्यावर सगळेच निर्दोष दिसते. एअर फिल्टरचे झाकण काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहत अ‍ॅक्सिलरेटरची तार ओढावी. पेट्रोलची बारीक धार उडाली नाही, तर इंजिनाला लागून बसवलेल्या पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटला आहे. धार उडाली, तर फिल्टर पुन्हा झाकून मगच एका जादा प्लगवर ठिणगी पाहावी. ती नसेल किंवा पिवळट, अशक्त असेल, तर कॉइल किंवा कंडेन्सर उष्णतेने दगा देत आहे. प्लगही काढून पाहावेत. टोके पांढरीफटक असतील, तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुना कार्ब्युरेटर स्वतःहून जुळवून घेत नाही, त्यामुळे मिश्रण आणखी पातळ होते आणि जुने रबरी पाइपही लवकर खराब होतात.

प्रश्नकर्ता
दोन्ही परीक्षा केल्या. बंद पडल्यावर धार आली नाही, ठिणगी मात्र निळी आणि जोरदार होती. जाळीचा एका बाजूचा जवळजवळ तिसरा हिस्सा थंड लागला.

पहिला प्रतिसाद
मग मूळ दोष रेडिएटरचा आणि बंद पडणे त्याचा परिणाम, असे धरून चालावे. तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल, तर कारागीर टाकी उघडून नळ्या सळईने साफ करतो. ते जमले नाही, तर जाळी बदलावी. त्यानंतर कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे भरावे, पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून दूर बांधावा आणि पंपाखालचा उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे ना, हे पाहावे. एवढे करूनही घाटात काटा चढला, तरच हेड गॅस्केटकडे (हेडखालच्या सांधपट्टीकडे) वळावे, आणि तेव्हाही आधी रेडिएटरच्या तोंडाशी धरायच्या निळ्या द्रावणाची चाचणी करून घ्यावी: जळालेला वायू पाण्यात येत असेल, तर ते पिवळे पडते.