खमका म्हणजे नक्की काय?
कुणीतरी म्हटलंय की नेता खमका असला की सरकार आपोआप सुतासारखं सरळ चालतं. अर्धंच पटलं बुवा. फाईल हलवतो तो खालचा माणूस, आणि साहेबांना खरं सांगायची त्याची टाप नसेल तर वरून सगळं छानच दिसत राहतं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींचंच बघा ना, १९६१ मध्ये क्युबातलं सरकार पाडायला 'बे ऑफ पिग्ज'ला स्वारी करवली आणि तोंडावर आपटले, बैठकांमध्ये ठामपणे नाही म्हणणारे फारसे नव्हतेच, मग १९६२ मध्ये सोव्हिएत रशियाने क्युबात क्षेपणास्त्रं आणली, त्या पेचात गडी काही बैठकांना मुद्दाम गेलाच नाही, म्हणजे लोकांनी मोकळेपणी भांडावं. आधी हवाई हल्ल्याचं चाललं होतं, वाद घालघालून गाडी क्युबाच्या समुद्री नाकेबंदीवर आली. (सोव्हिएतांनी क्युबातली काढावीत म्हणून टर्कीतली अमेरिकेची क्षेपणास्त्रं काढायचं गुपचूप कबूल केलं होतं, ते वेगळं!)